लेबलात नसलेलं औषध आणि तात्पुरती मंजुरी : नव्या कास्तकारासाठी

मक्याच्या पोंग्यात अळीची भुशासारखी विष्ठा दिसायला लागली की दोन दिवसांत गावच्या ग्रुपवर एक चित्र फिरू लागतं. वर अशोकस्तंभ, खाली औषधाची बाटली, मधे लाल अक्षरांत ‘केंद्र सरकारची तातडीची मंजुरी’. तारीख नसते, पत्राचा क्रमांक नसतो, कधी कधी तर पिकाचं नावही नसतं. मी बुलढाणा जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं निविष्ठा विक्री केंद्र सांभाळतो. असं चित्र मोबाइलवर दाखवत ‘भाऊ, हे द्या’ म्हणणारे कास्तकार दर हंगामात येतात. त्यात शहरातली नोकरी सोडून वावर कसायला आलेली तरुण मुलं जास्त असतात. जुना माणूस निदान शेजारच्या धुऱ्यावर जाऊन विचारतो. ही मुलं मोबाइलला विचारतात.

त्यांना काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगतो तेच इथे सवडीनं लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तात्पुरती मंजुरी म्हणजे एक कागद असतो आणि त्यावर पीक, कीड, मात्रा आणि मुदत या चार गोष्टी लिहिलेल्या असतात. चारपैकी एक जरी सापडली नाही तरी तुमच्या हातात मंजुरी नाही, फक्त बातमी आहे.

आधी लेबल क्लेम समजून घ्या

कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्यानुसार फरिदाबादहून चालणारी केंद्राची नोंदणी समिती प्रत्येक औषध तपासते आणि कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, हेक्टरी किती वापरायचं ते ठरवून देते. दुकानात यालाच ‘लेबल क्लेम’ म्हणतात. म्हणजे नोंदणी नुसत्या बाटलीची नसते. बाटली, पीक आणि कीड या तिघांची मिळून असते. कपाशीतल्या तुडतुड्यांसाठी मंजूर असलेलं औषध तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर आपोआप मंजूर होत नाही, मग ते कितीही लागू पडत असो.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्लायफोसेटचं. त्याची मंजुरी चहाच्या मळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. २०२२ च्या ऑक्टोबरात तर केंद्रानं ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरायचं असा आदेश काढला. तरीही वऱ्हाडात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांमधून ते तणनाशक मारलं जातंच. विदर्भात चहाचा मळा कुठं आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

इथे नवा माणूस हमखास विचारतो, ‘लेबलाबाहेर मारलं तर मला शिक्षा होते का?’ याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये घरगुती वापर, परसबाग आणि स्वतःच्या कसणुकीतली जमीन यांना सूट आहे. म्हणजे स्वतःच्या वावरात तुम्ही काय फवारलं यासाठी हा कायदा तुमच्या मागे लागत नाही. विकणारा आणि बनवणारा मात्र त्यात येतो. पण ही सूट ऐकून खूश होऊ नका. बाजार समितीत, निर्यातदाराच्या प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात कलम ३८ चालत नाही.

तात्पुरते कागद किती प्रकारचे असतात

इंटरनेटवर शोधलं की अमेरिका आणि युरोपच्या गोष्टी आधी समोर येतात आणि डोक्यात गोंधळ होतो, म्हणून त्या आधी बाजूला काढू. अमेरिकेत त्यांच्या कीटकनाशक कायद्याच्या कलम १८ खाली आणीबाणीची सूट मिळते. राज्य सरकार ती मागतं, केंद्रीय पर्यावरण संस्था देते आणि नेहमीच्या प्रकारात ती जास्तीत जास्त एका वर्षाची असते. युरोपीय संघात २००९ च्या नियमावलीतल्या कलम ५३ खाली १२० दिवसांपर्यंतची परवानगी देता येते. बीटच्या बियाण्याला बंदी घातलेली निओनिकोटिनॉइड औषधं चोळायला तिथले देश अशा परवानग्या वर्षानुवर्षं देत राहिले. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की जे स्पष्टपणे बंद केलंय ते या वाटेनं आत आणता येणार नाही. वाचायला चांगलं आहे, पण त्यातलं काहीही मोताळ्यात किंवा मोर्शीत लागू नाही. तिकडची मंजुरी दाखवून कोणी बाटली विकत असेल तर सरळ उठून या.

आपल्याकडे ‘आणीबाणीची मंजुरी’ असा वेगळा दरवाजा नाही. नोंदणी समितीच बैठकीत निर्णय घेते आणि ठरावीक पीक, ठरावीक कीड, ठरावीक काळ यांपुरता आधीच नोंदणी असलेल्या औषधाचा वापर वाढवून देते. कृषी खात्याच्या बोलीत याला ‘ॲड-हॉक’ मंजुरी म्हणतात.

अमेरिकन लष्करी अळीच्या वेळी हे आपण पाहिलं. ही कीड भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. नवीन पाहुणी, त्यामुळे कोणत्याच बाटलीवर तिचं नाव नव्हतं. मग क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी, स्पिनेटोरम ११.७ एससी, थायामेथोक्झाम १२.६ अधिक लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन ९.५ झेडसी अशा मोजक्या औषधांना मक्यावरच्या या अळीसाठी तात्पुरती वाट करून देण्यात आली (आकडा म्हणजे औषधाची टक्केवारी; एससी, झेडसी म्हणजे त्याच्या द्रवरूपाचा प्रकार). कंपनी पुढे पूर्ण माहिती सादर करून अशा वापराचा कायमचा लेबल क्लेम मिळवू शकते. म्हणून पाच वर्षांपूर्वी तात्पुरतं होतं ते आज कायमचं असू शकतं, किंवा मुदत संपून रद्दही झालेलं असू शकतं. आठवणीवर जाऊ नका.

दुसरा प्रकार ड्रोनचा. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं आधीच नोंदणी असलेल्या ४७७ औषधांना ड्रोननं फवारायची अंतरिम परवानगी दिली, २ वर्षांसाठी. इथे औषध, पीक, कीड काहीच बदललं नव्हतं, बदलली होती फक्त मारायची पद्धत. ‘ड्रोनला मंजूर’ याचा अर्थ ‘कोणत्याही पिकाला मंजूर’ असा लावणारे एक-दोन ड्रोनवाले मला भेटलेत.

तिसरा प्रकार उलट्या दिशेचा आहे आणि तो विदर्भाला चांगला ठाऊक आहे: तात्पुरती बंदी. कायद्याच्या कलम २७ खाली माणसाला किंवा जनावराला धोका दिसला तर केंद्र किंवा राज्य सरकार एखाद्या भागात एखाद्या औषधाची विक्री, वाटप आणि वापर ६० दिवसांपर्यंत थांबवू शकतं. चौकशी अपुरी राहिली तर आणखी ३० दिवस. राज्याच्या हातात एवढंच आहे, कायमची बंदी केंद्रच घालू शकतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पोचली, तेव्हा यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच औषधांवर अशी ६० दिवसांची बंदी आली होती. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस ही ती पाच. म्हणून हंगामात मंजुरीची यादी बघाल तेव्हा बंदीचीही बघा. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढलेलं असू शकतं.

आता ज्याची यात गणना होत नाही ते. कृषी विद्यापीठाची शिफारस हे चांगलं मार्गदर्शन आहे, पण ती मंजुरी नव्हे. कधी कधी विद्यापीठाचे प्रयोग पुढे असतात आणि लेबल मागे असतं. तिथे तज्ज्ञाला सरळ विचारा, ‘सर, याला या पिकात लेबल क्लेम आहे का?’ ते खरं सांगतात. कंपनीच्या प्रतिनिधीचा शब्द मंजुरी नव्हे. चर्चासत्रातला फलक मंजुरी नव्हे. आणि ‘गेल्या वर्षी शेजाऱ्यानं मारलं, काही झालं नाही’ ही तर नव्हेच.

पायरी पहिली : खरंच आणीबाणी आहे का ते वावरात बघा

पानावर चार छिद्रं दिसली की औषध शोधायला निघणं ही पहिली चूक. प्रत्येक किडीची आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली असते. त्या पातळीच्या खाली फवाराल तर किडीनं जेवढं खाल्लं असतं त्यापेक्षा औषध आणि मजुरी महाग पडते. गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या. कामगंध सापळ्यात (म्हणजे फेरोमोन सापळ्यात) सलग ३ रात्री दर सापळ्याला रोज सरासरी ८ पतंग सापडले, किंवा वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं फोडून त्यात २ बोंडांत अळी निघाली, तर पातळी ओलांडली असं धरायचं. हे मोजायला अर्धा तास लागतो. बोंडं फोडायचा जिवावर येणारा कंटाळा मला समजतो, पण दीड-दोन हजारांच्या बाटलीसाठी अर्धा तास महाग नाही.

मोजताना कीड ओळखा. मक्यात मिळालेली प्रत्येक अळी अमेरिकन लष्करी नसते. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी पांढरट खूण असते आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठिपके असतात. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, ‘लष्करी अळी’ म्हटलं की वेगळीच, जुनी कीड समोर येते. नाव एकच, मंजुरी वेगळी. कीड चुकली तर मंजुरीचा कागद खरा असूनही तुमच्या कामाचा राहत नाही.

ओळख पटत नसेल तर अळी किंवा रोगट फांदी प्लास्टिकच्या डबीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. मोबाइलनं काढलेल्या फोटोत निम्म्या वेळा फक्त बोट दिसतं.

पायरी दुसरी : लेबलात असलेलं काही शिल्लक आहे का

बहुतेक वेळा शोध इथेच संपतो. त्याच किडीवर, त्याच पिकात लेबल क्लेम असलेलं औषध दुकानात असतं, फक्त ते ग्रुपवर गाजत नसतं. केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर मंजूर वापरांची यादी असते. कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं अशा वेगवेगळ्या याद्या असतात आणि प्रत्येकीत पीक, कीड, हेक्टरी मात्रा, पाणी आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे रकाने असतात. इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, पण पीडीएफमध्ये पिकाचं नाव टाकून शोधता येतं. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीला बसवा, पाच मिनिटांत काढून देते.

निंबोळी अर्क, परोपजीवी कीटक, फेरोमोन सापळे, हातानं वेचणी या गोष्टी लोक हसण्यावारी नेतात. मक्यात पहिल्या पंधरवड्यात अंडीपुंज चुरडत वावरातून एक चक्कर मारली तर पुढची फवारणी वाचते, हे मी बघितलंय. पण पाच एकरांच्या वर हे हातानं होत नाही, तेही खरं.

पायरी तिसरी : कागद मागा आणि वाचा

लेबलात काहीच नसेल आणि कोणी तात्पुरत्या मंजुरीचं बोललं, तर कागदाशिवाय पुढे जाऊ नका. कृषी सहायक, मंडळ कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी कार्यालय यांच्याकडे परिपत्रकाची प्रत मागता येते. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांकही मराठीत उत्तर देतो, पण फोनवरच्या ‘हो’नं भागवू नका.

कागद मिळाला की पेन घेऊन बसा. औषधाचं तांत्रिक नाव आणि टक्केवारी अधोरेखित करा, कारण ‘क्लोरअँट्रानिलीप्रोल’ एवढ्यावर भागत नाही. १८.५ एससी हे एक, दाणेदार ०.४ टक्क्यांचं दुसरं, आणि लॅम्ब्डाबरोबर मिसळलेलं तिसरंच. मग पीक बघा, मग कीड. तीनही तंतोतंत जुळले पाहिजेत. ‘मका’ लिहिलं असेल तर त्यात ज्वारी येत नाही, अळी तीच असली तरी. मात्रा हेक्टरी आहे की एकरी ते बघा. मग मुदत. ‘या हंगामापुरती’, ‘अमुक तारखेपर्यंत’, ‘पुढील आदेशापर्यंत’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. शेवटी अटी: किती वेळा फवारायचं, पीक कोणत्या अवस्थेत असताना, चाऱ्यासाठी वापरता येईल की नाही.

माझ्या हातूनही यात चूक झालीय. नवा होतो, मोबाइलवर आलेलं पत्र खरं होतं, सही-शिक्का सगळं होतं. मी बाटल्या दिल्या. नंतर एका जाणत्या कास्तकारानं पत्राचं दुसरं पान उघडून दाखवलं. पत्र मागच्या हंगामाचं होतं आणि मुदत केव्हाच संपली होती. त्या दिवसापासून आमच्या दुकानात अशा पत्राची छापील प्रत भिंतीवर लावतो आणि मुदत संपली की उतरवतो.

२०२० च्या मे महिन्यात टोळधाड आली तेव्हाची एक गंमत सांगतो. मोर्शी, वरुड, आष्टी, काटोल या पट्ट्यात थवे उतरले होते, सगळं कृषी खातं रात्री झाडांवर बसलेल्या टोळांमागे धावत होतं. टोळांवर देशात मुख्यतः मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस वापरतात. आणि त्याच महिन्यात केंद्रानं २७ औषधांवर बंदीचा जो मसुदा काढला, त्यात ही दोन्ही होती! मसुदा म्हणजे आदेश नव्हे, त्यामुळे ती तेव्हा वापरता येत होती. २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा त्या २७ पैकी मोजकीच औषधं बंद झाली. पण तेव्हा गावात मसुद्याची बातमी वाचून ‘हे तर बंद झालं’ म्हणणारे होते आणि ‘सरकारच मारतंय म्हणजे संत्र्यावरही चालतं’ म्हणणारेही होते. दोघांनीही कागद पाहिला नव्हता. सरकारी यंत्रणेनं टोळांवर मारलं म्हणून ते तुमच्या संत्र्याच्या मावा-तुडतुड्यांसाठी मंजूर होत नाही.

पायरी चौथी : दुकानात

आणीबाणी आली की बनावट मालालाही आणीबाणीच असते. पक्कं बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहायला लावा. बाटलीवर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख, विषारीपणाचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सरबत नव्हे. बाटलीबरोबर माहितीपत्रक असतं, ते मागून घ्या. दुकानदाराकडे त्या कंपनीचा माल विकायचं उगम प्रमाणपत्र असतं आणि ते बघायला मागणं उद्धटपणा नाही. ‘बायो’, ‘टॉनिक’, ‘सेंद्रिय’ असं लिहिलेली आणि नोंदणी क्रमांक नसलेली बाटली या काळात हमखास पुढे केली जाते. ती बाजूला ठेवा. शंका आली तर पंचायत समितीतल्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे बिलासह जा. बिल नसेल तर त्यालाही काही करता येत नाही.

आणि एक बाटली घ्यायला आलेल्या माणसाला तीन बाटल्या देणाऱ्या दुकानदारापासून जपून, हे मी दुकानदार असून सांगतो.

पायरी पाचवी : मात्रा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा कागदावर लिहिलंय: हेक्टरी २०० मिली, ५०० लिटर पाण्यात. एकर म्हणजे साधारण ०.४ हेक्टर. म्हणून एकराला ८० मिली औषध, २०० लिटर पाणी. पंप १५ लिटरचा असेल तर २०० लिटरला सुमारे १३ पंप होतात आणि पंपाला ६ मिली येतं.

पण तुमच्या पिकाला एकरी १० पंपच लागत असतील तर? मग ८० मिली भागिले १०, म्हणजे पंपाला ८ मिली. पेट्रोलच्या पंपानं एकरी ४ टाक्यांतच होत असेल तर टाकीला २० मिली. ड्रोनला एकरी साधारण १० लिटर पाणी लागतं, तर तेवढ्यातच ८० मिली. लक्षात ठेवायचं ते एवढंच की औषध एकराचं ठरतं, पाणी पंपाचं. लोक उलटं करतात. झाकणानं मोजतात आणि झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं. दुकानात दहा-वीस रुपयांत मोजमापाचा प्लास्टिकचा पेला मिळतो.

आधी नुसतं पाणी भरून एका एकराच्या पट्ट्यात फवारून बघा, किती पंप लागतात ते मोजा. हे न करता मी कोणालाच मात्रा सांगत नाही. रागावतात लोक, रागावू दे.

तात्पुरत्या मंजुरीचं औषध दुसऱ्या कशात मिसळू नका. मंजुरी एका औषधाची असते. त्यात विद्राव्य खत, टॉनिक आणि दुसरं कीटकनाशक घालून जे बनतं, त्याची मंजुरी कोणीच दिलेली नसते. अशा ‘कॉकटेल’चं नाव २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फार निघालं होतं.

पायरी सहावी : फवारणीचा दिवस

सप्टेंबरमधली पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली असते, हवा दमट, अंगाला घामाची धार. पंपाचा नोझल वर धरला की फवारा तोंडावरच येतो. म्हणून लेबलात नसलेल्या, तुम्हाला पहिल्यांदाच भेटणाऱ्या औषधाची ओळख भर दुपारी उभ्या पिकात करून घेऊ नका. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, वारा येतो त्या बाजूला तोंड नव्हे, पाठ करून फवारा, आणि तेही रोज सलग तासन्‌तास नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, बूट. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. ओला झाला की तोच रुमाल औषध नाकाशी धरून ठेवतो. नोझल तोंडानं फुंकू नका. तंबाखू, विडी, भाकरी हात साबणानं धुतल्यावरच.

मजुरानं फवारायचं असेल तर ही सगळी साधनं द्यायची जबाबदारी तुमची. तो ‘काही होत नाही मालक’ म्हणतो. त्याचं ऐकू नका.

चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, छाती भरून येणं यांतलं काहीही दिसलं तर फवारणी थांबवा. कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, १०८ ला फोन लावा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. डॉक्टरला काय मारलं ते कळलं पाहिजे, कारण फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा चालतो, पण डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाला नेमका उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. ‘पांढरी बाटली होती’ एवढ्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाही.

पायरी सातवी : थांबायचे दिवस

कागदावर काढणीपूर्व प्रतीक्षेचे दिवस लिहिलेले असतील तर ते मोजून थांबा. लिहिलेले नसतील, आणि पीक काढणीला आलेलं असेल, तर त्या वावरात ते औषध मारू नका, हे माझं मत. भाजी, संत्रा, मिरची यांत तर नाहीच. ज्या औषध-पीक जोडीला उरलेल्या अंशाची मर्यादा ठरवलेली नाही, तिथे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची आणि युरोपचीही सर्वसाधारण मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरली जाते. शंभर टन मालात एक ग्रॅम. तात्पुरत्या मंजुरीच्या औषधात हा धोका जास्त असतो, कारण त्या पिकासाठी मर्यादा ठरायला अजून वेळ लागणार असतो.

चाऱ्याचं विसरू नका. मक्याचा हिरवा चारा, पऱ्हाटीत सोडलेली ढोरं, धुऱ्यावर मधमाश्यांच्या पेट्या. फवारलेल्या वावराच्या कोपऱ्यावर काठीला लाल फडकं बांधलं की शेजाऱ्याला कळतं. पेट्यावाल्याला मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं.

मंजुरी मागायची कशी

कास्तकार स्वतः फरिदाबादला अर्ज करून मंजुरी मिळवू शकत नाही. लेबल वाढवायचा प्रस्ताव कंपनी देते आणि त्याची गरज राज्याचं कृषी खातं, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या संस्था सांगतात. पण त्यांना गरज कळते ती खालून. क्रॉपसॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या कीड-रोग सर्वेक्षणात, नोंदी होतात, त्यात तुमचं गाव आलंच पाहिजे.

म्हणून एकट्यानं ओरडण्यापेक्षा आठ-दहा जणांनी मिळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात गट क्रमांक, पिकाची अवस्था, किती झाडांपैकी किती झाडांवर कीड, कधीपासून, लेबलातली कोणती औषधं किती मात्रेत मारली आणि काय झालं, हे लिहा. औषधाचं नाव मागू नका. औषधाचं नाव लिहिलं की अर्ज कंपनीचा वाटतो आणि तुमची कीड मागे पडते. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं. कृषी सहायकाला वावरात नेऊन पंचनामा करून घेतला तर आणखी. मंजुरी येईल की नाही हे सांगता येत नाही, आणि आली तरी या हंगामाला उपयोगी पडेलच असं नाही. पण पुढच्या वर्षी तीच कीड पुन्हा आली तर फाईल तयार असते.

मुदत संपल्यावर उरलेली बाटली

हंगाम संपला, मंजुरीची तारीख गेली आणि घरात निम्मी बाटली उरली. ती पुढच्या वर्षी ‘घेतली होती तेव्हा चालत होतं’ म्हणून काढू नका. तिच्यावर ज्या पिकाचा कायमचा लेबल क्लेम छापलेला आहे, त्या पिकात, वापराच्या अंतिम तारखेच्या आत ती वापरता येते. ते पीक तुमच्याकडे नसेल तर सील न फोडलेली बाटली बिलासह दुकानात परत न्या. घेईलच असं नाही, पण विचारा, आम्ही घेतो. रिकामी बाटली तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओता, तळाला भोक पाडा आणि विहीर-नाल्यापासून लांब पुरा. पाण्याची बाटली म्हणून ती वावरात नेणारं पोर प्रत्येक गावात असतं, म्हणून भोक आधी.

आणि मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स, बिल, फवारणीची तारीख, पंपांची संख्या हे सगळं एका वहीत चिकटवून ठेवा. माझ्याकडे २०१९ पासूनच्या अशा वह्या आहेत. त्यातल्या निम्म्या पानांवरची मुदत आता संपलेली आहे, आणि ते पानावर लाल पेनानं लिहिलेलं आहे.